उष्ट्यावरून अंदाज : मोटारीचा ऑक्सिजन सेन्सर आणि तो घरी बदलण्याची रीत

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. गाडी पहिल्या किल्लीला सुरू होते, घाटही चढते. फक्त पेट्रोल थोडे जास्त पिते. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की उत्तर मिळते, ‘ऑक्सिजन सेन्सर गेला.’ हा सेन्सर म्हणजे स्पार्क प्लगसारखा दिसणारा, अंगठ्याएवढ्या जाडीचा, मागे वायरची शेपटी असलेला एक पुर्जा. तो बसवलेला असतो सायलेन्सरच्या नळीत, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या वाटेवर. कोडे इथेच आहे. धूर तयार झाला म्हणजे पेट्रोल जळून गेलेले असते. मग धुराच्या वाटेवरचा पुर्जा बिघडल्याने पेट्रोलचा खर्च वाढतो कसा?

उष्ट्यावरून स्वयंपाक

पेट्रोल जळायला हवा लागते आणि ती मापातच लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा हवी. हवा कमी पडली तर काय होते ते स्वयंपाकघरात रोज दिसते : शेगडीच्या बर्नरची भोके चोंदली की निळी ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचे बूड काळे पडते. इंजिनातही अर्धवट जळलेले इंधन आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड धुरातून बाहेर पडतात. अशा मिश्रणाला गॅरेजच्या भाषेत ‘रिच’ म्हणतात, म्हणजे पेट्रोल जास्त. उलट हवा जास्त झाली तर मिश्रण ‘लीन’. त्यात इंजिन अडखळू लागते आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडे आवरणे कठीण होते.

माप राखण्याचे काम इंजिनाचा संगणक करतो. आत येणारी हवा मोजायची, तिला साजेसे पेट्रोल इंजेक्टरमधून फवारायचे, एवढाच त्याचा हिशेब. पण हा हिशेब कागदावरचा असतो. एअर फिल्टर धुळीने भरतो, इंजेक्टरचे तोंड काजळते, रबरी नळीला चीर पडून चोरवाटेने हवा शिरते. इंधनही तेच राहत नाही. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला किलोमागे साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते, सीएनजीला मात्र सतरा किलोहून अधिक लागते.

पंगतीत वाढणारा अनुभवी माणूस काय करतो? पहिली पंगत उठली की पत्रावळींवर नजर टाकतो. भात उरलेला दिसला तर पुढच्या पंगतीला हात आखडतो; पत्रावळी चाटूनपुसून साफ असतील तर सढळ वाढतो. ऑक्सिजन सेन्सर हीच नजर टाकतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर पेट्रोल कमी पडले, उरला नसेल तर जास्त झाले. संगणक त्यावरून पुढच्या क्षणाचे पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. गाडी चालू असते तोवर ही दुरुस्ती अखंड चालते. सेन्सर आंधळा झाला की संगणक पुन्हा कागदी हिशेबावर येतो, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून बहुधा हात सैल सोडून पेट्रोल वाढतो. वरच्या कोड्याचे उत्तर हे आहे.

तापल्यावर पाझरणारा माठ

सेन्सरच्या टोकाशी, भोके असलेल्या धातूच्या टोपणाखाली, चिनी मातीसारख्या पदार्थाचे बोटभर टोपडे किंवा छोटी पट्टी असते. तो पदार्थ म्हणजे झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड, त्यात थोडे इट्रियमचे ऑक्साइड मिसळलेले. दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ, सच्छिद्र थर. एका बाजूला इंजिनाचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा.

माठातून पाणी पाझरते तसा या मातीतून ऑक्सिजन पाझरतो. दुसरा कोणताही वायू नाही, आणि तोही माती सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्यावरच. पाझरताना तो विद्युतभारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या रूपात असतो. स्वच्छ हवेत ऑक्सिजन २१ टक्के, धुरात अगदी थोडा. त्यामुळे धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब यावा तसा मातीच्या दोन बाजूंत विद्युतदाब तयार होतो. बाहेरून वीज न देता सेन्सर स्वतःच एक इवलीशी बॅटरी बनतो.

हा दाब किती, याचे गणित जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडले होते. योगायोग असा की याच नेर्न्स्ट यांनी पुढे विजेचा एक दिवा बनवला, त्याची कांडीही झिर्कोनियम आणि इट्रियमच्या ऑक्साइडांची होती, आणि तीही आधी तापवल्याशिवाय पेटत नसे. दिवा मागे पडला. माती मात्र मोटारीत आली.

या गणिताची खुबी अशी की दोन बाजूंच्या ऑक्सिजनचे गुणोत्तर दसपट वाढले की विद्युतदाब दर वेळी सारख्याच पायरीने वाढतो. साडेचारशे अंशांच्या आसपास ही पायरी साधारण ३५ मिलिव्होल्टची असते. धुरात एक टक्का ऑक्सिजन उरला असेल तर एक पायरी आणि वर थोडे, म्हणजे जेमतेम ०.०५ व्होल्ट. पण मिश्रण किंचित रिच झाले की प्लॅटिनमच्या थरावर उरलासुरला ऑक्सिजनही जळून जातो. मग तिथले प्रमाण हजारपट किंवा लाखपट नव्हे, वीसपंचवीस पायऱ्या खाली कोसळते आणि दाब एकदम ०.८ ते ०.९ व्होल्टवर जातो. मधल्या ०.४५ व्होल्टच्या रेषेपाशी सेन्सर जवळजवळ थांबतच नाही. म्हणून साधा सेन्सर ‘किती’ ते सांगत नाही; ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढेच सांगतो. संगणक पेट्रोल कमीजास्त करत राहतो आणि सेन्सरचा आकडा लंबकासारखा वरखाली झुलतो. निरोगी सेन्सरची खूण हा झोकाच आहे. नव्या गाड्यांपैकी अनेकींत ‘किती’ तेही सांगणारा वाइडबँड सेन्सर असतो. त्याच्या वायरी सहसा पाच किंवा सहा असतात आणि त्याचे आकडे वेगळ्या पद्धतीने वाचावे लागतात.

माती तापायला हवी, पण थंड गाडीचा धूर थंड असतो. सुरुवातीच्या सेन्सरांना एकच वायर असे आणि इंजिन तापेपर्यंत ते मुकेच राहत. पुढे आत विजेचा हीटर आला आणि वायरी चार झाल्या : दोन हीटरच्या, दोन निरोपाच्या. जुन्या सेन्सरमध्ये बऱ्याचदा हा हीटरच आधी मरतो.

दोन सेन्सर, दोन कामे

असा सेन्सर बॉश कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणला आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वोच्या गाड्यांत तो प्रथम बसला. त्या गाड्यांच्या पुढच्या जाळीवर ‘लॅम्डा सोंड’ अशी या सेन्सरच्या नावाची पट्टीच मिरवत असे. सेन्सर आणण्याचे कारण होते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या नळीतला हा डबा मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर लावलेल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमच्या मदतीने तीन विषारी घटक एकाच वेळी निर्धोक करतो. मात्र मिश्रण अगदी मापाजवळ असेल तरच. मापापासून ढळले की तिघांपैकी कुणीतरी सुटतो.

पेट्रोलमध्ये पूर्वी मिसळले जाणारे शिसे या डब्यालाही मारते आणि सेन्सरलाही. म्हणून भारतात दोन्ही गोष्टी जोडीने आल्या : १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. २००० सालापर्यंत देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले.

आजच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत सेन्सर दोन असतात. पहिला कन्व्हर्टरच्या आधी, इंजिनाजवळ. पेट्रोल वाढण्याचे काम मुख्यतः त्याच्या शब्दावर चालते. दुसरा कन्व्हर्टरनंतर, त्याचे मुख्य काम डब्यावर पाळत ठेवणे. डबा ठणठणीत असेल तर ऑक्सिजनची चढउतार तो आतच पचवतो आणि दुसऱ्या सेन्सरचा आकडा जवळपास स्थिर, सहसा ०.६ व्होल्टच्या वर राहतो. दुसराही पहिल्यासारखा झुलू लागला तर डबा थकला असे संगणक मानतो. दिवा घालवण्यासाठी काही ठिकाणी दुसऱ्या सेन्सरखाली पोकळ नळी बसवून त्याला धुरापासून दूर नेण्याची युक्ती करतात. ती दुरुस्ती नव्हे. थर्मामीटर खिडकीत ठेवून ताप उतरला म्हणण्यातला प्रकार आहे.

दिवा कशामुळे लागतो

सेन्सर म्हातारा होतो. काजळी, जळलेल्या ऑइलची राख, कूलंटचे अंश मातीवर साचतात आणि तो सुस्त होतो. गॅस्केटऐवजी लावलेल्या चुकीच्या सिलिकॉनच्या वाफेने त्यावर पांढरी पूड धरते. चांगल्या वापरात हीटरवाला सेन्सर लाखभर किलोमीटर किंवा त्याहून जास्त टिकतो. तीस-चाळीस हजारांतच गेला तर त्याला कुणीतरी मारले आहे, आणि तो मारेकरी शोधल्याशिवाय नवा सेन्सरही तसाच जाईल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पुष्कळदा सेन्सर खरे बोलत असतो आणि बदली मात्र त्याचीच होते. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. एका सिलिंडरचा स्पार्क प्लग चुकला तर तिथले पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर येतात. सेन्सरला उरलेला ऑक्सिजन दिसतो आणि तो ‘लीन’ असे कळवतो. बिचारा संगणक आणखी पेट्रोल ओततो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडाला चीर असेल तरी तेच : धुराच्या धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि खोटा निरोप जातो. या दोन्ही वेळी सेन्सर बदलून काहीच हाती लागत नाही.

म्हणून आधी कोड वाचावा. स्टिअरिंगखाली असलेल्या ओबीडी सॉकेटमध्ये ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड दिसतो : इंग्रजी ‘पी’ अक्षर आणि चार आकडे.

चौकट : कोडांची भाषा
पी ०१३५ : पहिल्या सेन्सरचा हीटर किंवा त्याची वायर. पी ०१४१ : तेच, दुसऱ्या सेन्सरबाबत. या दोन्हींत आधी फ्यूज पाहावा.
पी ०१३३ : पहिला सेन्सर सुस्त झाला आहे. म्हातारपणाची ही सर्वांत खरी खूण.
पी ०१७१ आणि पी ०१७२ : मिश्रण लीन किंवा रिच. ही इंजिनाची तक्रार आहे. सेन्सरवर आळ घेण्याआधी हवेची गळती, इंजेक्टर आणि पेट्रोलचा दाब तपासावा.
पी ०४२० : कन्व्हर्टरची ताकद कमी. दुसरा सेन्सर बदलून हा कोड क्वचितच जातो.

दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर मात्र गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळू शकते. तो डबा सेन्सरच्या कितीतरी पट महाग असतो.

हीटरची परीक्षा मल्टिमीटरने पाच मिनिटांत होते. थंड गाडीत सेन्सरचा कनेक्टर सोडवून एकाच रंगाच्या दोन वायरींमधला (त्या बहुधा हीटरच्या असतात) रोध मोजावा. काही ओहम आले तर हीटर जिवंत. मीटरने काहीच दाखवले नाही तर आतली तार तुटलेली. अशा वेळी सेन्सर बदलण्याबद्दल दुमत राहत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र पान्याला हात न लावलेलाच बरा.

सेन्सर निवडणे

पहिला आणि दुसरा सेन्सर दिसायला भावंडे असली तरी वायरची लांबी, कनेक्टर आणि कधी कधी जातही वेगळी असते. साध्याच्या जागी वाइडबँड चालत नाही. गाडीचा चॅसिस क्रमांक देऊन नेमका पुर्जा मागवावा. ‘युनिव्हर्सल’ म्हणून मिळणारे, वायरी कापून जोडायचे सेन्सर स्वस्त पडतात, पण जोड नीट साधत नाही. यामागे एक गमतीदार कारणही आहे. मातीच्या आतल्या बाजूला लागणारी स्वच्छ हवा अनेक सेन्सरांत वायरींच्या तारांमधल्या फटींतूनच आत जाते. डाग देऊन जोड बुजवला किंवा कनेक्टरमध्ये ग्रीस भरले की सेन्सरचा श्वास कोंडतो.

खोलणे

काम एका नटाचे आहे, पण तो नट वर्षानुवर्षे तापून थंड झालेला आणि गंजाने धरलेला असतो. सगळी कसोटी त्याला सोडवण्यात आहे.

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन मोकळ्या जागी काही मिनिटे चालवून बंद करावे आणि नळी हातमोजा घालून धरता येईल इतकी निवू द्यावी. किंचित कोमट धातूत आटे सहज सुटतात. कडकडीत तापलेल्या नळीवर मात्र हात भाजतो आणि आटेही ओरबाडतात. बॅटरीची ऋण तार काढावी. पहिला सेन्सर बॉनेट उघडल्यावर सहसा पत्र्याच्या आडोशामागे दिसतो. दुसऱ्यासाठी गाडीखाली जावे लागते, आणि इथे तडजोड नको : सपाट जमीन, हँडब्रेक, जमिनीवरच्या चाकांना विटांची अडण आणि गाडीचे वजन जॅक स्टँडवर. गाडीसोबत आलेला जॅक चाक बदलण्यापुरताच असतो, त्याच्या भरवशावर कुणी गाडीखाली जाऊ नये. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण गंजाचे कपचे नेमके तोंडावर पडतात.

आधी कनेक्टरची कुलपी दाबून तो सोडवावा आणि वायर क्लिपांतून मोकळी करावी. नाहीतर सेन्सर फिरताना वायर पिळवटते. मग आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल मारून अर्धा तास थांबावे. बहुतेक सेन्सरांना २२ मिलिमीटरचा पाना लागतो. वायर बाहेर राहावी म्हणून बाजूला चीर असलेला खास सॉकेट मिळतो. तो नसेल आणि जुना सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर त्याची वायर कापून साधा रिंग पाना किंवा खोल सॉकेट चढवता येतो. तोंडाचा पाना टाळावा. नटाचे कोपरे गोल झाले की पुढचे काम वेल्डरचे.

पान्याला लांब दांडा लावून सावकाश जोर द्यावा. नट हलला की घाईने उलगडू नये. पाव फेरा सोडावा, थोडा परत आवळावा, तेल मारावे, पुन्हा सोडावा. गंजाची पूड आट्यांत अडकली तर सेन्सरबरोबर नळीतले आटेही निघून येतात. सेन्सर कितीही जोराने हलेना, तर गॅरेजमध्ये जाऊन नटाजवळची नळी गॅसच्या ज्योतीने तापवून घेणे शहाणपणाचे. निघालेला सेन्सर फेकण्याआधी त्याचे टोक पाहावे. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग नैसर्गिक आहे. गडद काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच, चिकट तपकिरी थर म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरी पूड म्हणजे सिलिकॉन किंवा कूलंट. मारेकऱ्याचा पत्ता इथे मिळतो.

बसवणे

नळीतले आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा आधीच करडा लेप असतो. गंजाने पुन्हा धरू नये म्हणून तो असतो, आणि तो असेल तर वरून काही लावायचे नाही. नसेल तर सेन्सरला चालणारे अँटी-सीझ फक्त आट्यांवर बोटाच्या टोकाएवढे लावावे. टोकाच्या भोकांना त्याचा, तेलाचा किंवा क्लीनरचा स्पर्शही होऊ देऊ नये. आत मातीच आहे, त्यामुळे फरशीवर पडलेला सेन्सर वरून धड दिसला तरी वापरू नये.

सुरुवातीचे आटे पान्याने नव्हे, बोटांनीच फिरवावेत. तिरका शिरला तर लगेच जाणवते. पुढे पान्याने आवळायचे ते कंपनीने दिलेल्या मापाने. ते माप सहसा ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असते, म्हणजे चाळीस सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. वायर जुन्याच वाटेने, जुन्याच क्लिपांत बसवावी. नळीला टेकलेली वायर पहिल्याच लांबच्या प्रवासात वितळते.

बॅटरी जोडून स्कॅनरने कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. साध्या पहिल्या सेन्सरचा आकडा इंजिन तापल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान झुलताना मोबाइलवर दिसायला हवा. ‘फ्यूएल ट्रिम’ नावाचा आकडा संगणक किती टक्के पेट्रोल वाढवतो-घटवतो आहे ते सांगतो. तो उणे-अधिक दहाच्या आत असला की मिश्रण ठीक समजावे. बॅटरी काढल्याने संगणकाचा शिकलेला हिशेब पुसला गेला असेल, तर पहिल्या काही फेऱ्यांत इंजिन किंचित वेगळे वागते. हे आपोआप सुरळीत होते.

स्कॅनर नसला तरी अडत नाही. दोष खरोखर गेला असेल तर लागोपाठ तीन फेऱ्यांच्या तपासणीत तो न सापडल्यावर संगणक दिवा स्वतःच विझवतो. कोड मात्र लगेच पुसला जात नाही. इंजिन चाळीस वेळा पूर्ण तापून थंड होईपर्यंत तो संगणकाच्या स्मृतीत राहतो.